लॅपटॉपची वायफाय की आणि लिनक्स ड्रायव्हर: प्रकल्प नोंदी

७ फेब्रुवारी, शनिवार

लॅपटॉपवर लिनक्स टाकून दोन महिने झाले, बाकी सगळं नीट चालतंय, फक्त वरच्या ओळीतली अँटेनाचं चित्र असलेली की, म्हणजे एफएन धरून एफ८, तिचं काही खरं नाही. कधी दाबली तर काहीच होत नाही, कधी दाबली तर वायफाय जातं ते परत येतच नाही, मग रीबूट. लिहून ठेवतोय कारण अशी मशीन बऱ्याच जणांकडे आहेत आणि प्रत्येक जण पहिल्यापासून तेच ते शोधत बसतो. मॉडेलचं नाव लिहीत नाही, माझे कोड तुमच्या मशीनला लागू पडतीलच असं नाही, शोधायची पद्धत मात्र तीच राहते.

आज फक्त आहे ती स्थिती बघितली. टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट (कुठला रेडिओ चालू, कुठला बंद ते दाखवणारी कमांड) मारलं की दोन नावं दिसतात, फाय० हे वायफाय आणि एचसीआय० हे ब्लूटूथ. प्रत्येकाखाली दोन ओळी, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने बंद केलंय, हार्ड म्हणजे खालून हार्डवेअरने किंवा फर्मवेअरने बंद केलंय, आणि हार्डला आपण कमांडने हात लावू शकत नाही. रेडिओ चालायला दोन्हीकडे नो पाहिजे. वायफाय गेलेलं असताना हार्ड ब्लॉक्ड यस दिसलं, आणि एकदा तर एचसीआय० ची नोंदच गायब होती. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या आणि अर्थ न लावता पुढे गेलो, लिनक्सला ही की ओळखीची नाही म्हणून असं होत असणार असं धरून चाललो. तिथेच आठवडा गेला.

८ फेब्रुवारी, रविवार

की दाबल्यावर तिचं कुठे काय पोचतंय ते बघायचं. तीन ठिकाणी कान लावावे लागतात: कीबोर्डचा नेहमीचा रस्ता म्हणजे आय८०४२, एसीपीआयचे (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ज्यातून बोलतात ते) इव्हेंट, आणि डब्ल्यूएमआय (त्याच एसीपीआयवर लॅपटॉप कंपनीने जोडलेला स्वतःचा रस्ता). एकाच ठिकाणी बघून "काही येत नाही" असं ठरवू नका, मी पहिला दीड तास तसाच घालवला, कारण ईव्हीटेस्टमध्ये (की दाबल्यावर काय येतं ते दाखवणारा प्रोग्रॅम) मी यादीतलं "व्हिडिओ बस" नावाचं डिव्हाइस निवडलं होतं आणि तिथे फक्त ब्राइटनेसच्या की येतात.

मग बरोबर डिव्हाइस घेतलं, "एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड". एफएन एफ८ दाबल्यावर एकच ओळ आली: एमएससी-स्कॅन, व्हॅल्यू डी५. खाली की ची ओळ नाही. म्हणजे कीबोर्ड ओरडून सांगतोय की माझं डी५ नंबरचं बटण दाबलं गेलं, पण डी५ ला नाव कुठलं ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, माहीत नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, तेच स्पष्ट लिहिलेलं होतं, अननोन की प्रेस्ड, कोड डी५, आणि त्याखाली सल्ला की सेटकीकोड्स ई०५५ वापरून हिला नाव द्या. डी५ आणि ई०५५ बघून गोंधळायला होतं पण ती एकच गोष्ट आहे, कीबोर्ड आधी ई० पाठवतो मग ५५, आणि ड्रायव्हर ५५ मध्ये हेक्सचे ८० मिळवून आतल्या टेबलसाठी डी५ करतो. सेटकीकोड्सला ई०५५ लागतं, यूडेव्हच्या (डिव्हाइसची मांडणी करणारी सेवा) फाइलला डी५.

दुसऱ्या टर्मिनलमध्ये एसीपीआय-लिसन चालू ठेवलं होतं, तिथेही त्याच दाबण्याला एक ओळ आली, डब्ल्यूएमआय, पीएनपी०सी१४, आणि पुढे डी०. म्हणजे एक की, दोन रस्ते. हेही वहीत लिहिलं. शेजारची एफएन एफ९, ब्लूटूथची, ती मात्र कीबोर्डच्या रस्त्याला काहीच पाठवत नाही, फक्त डब्ल्यूएमआयला.

कुठलं नाव द्यायचं यावर थोडा वेळ गेला. कर्नलमध्ये वायरलेससाठी वेगवेगळे कीकोड आहेत: की-ब्लूटूथ २३७, की-डब्ल्यूलॅन २३८, की-आरएफकिल २४७. डब्ल्यूलॅन फक्त वायफाय उलटवतो, आरएफकिल सगळेच रेडिओ. चित्र विमानाचं असेल तर आरएफकिल, अँटेनाचं असेल तर डब्ल्यूलॅन, मी हाच नियम धरला. एक्स११ मध्ये (लिनक्सची जुनी ग्राफिकल व्यवस्था) कीकोडात ८ मिळवले जातात आणि २५५ च्या पुढे त्याला दिसत नाही, म्हणजे २४७ अगदी काठावर बसतो. त्याच्या पुढचाच २४८, माइक म्यूटचा, तिथे पोचत नाही, म्हणून माइकच्या बटणाला बऱ्याच ठिकाणी एफ२० असं मॅप केलेलं दिसतं. वायरलेसवाल्यांना ही अडचण नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सेटकीकोड्स ई०५५ २३८ मारून बघितलं, ईव्हीटेस्टमध्ये की-डब्ल्यूलॅन दिसली. पण हे रीबूटला पुसलं जातं, म्हणून यूडेव्हची एचडब्ल्यूडीबी, म्हणजे हार्डवेअरच्या माहितीची, फाइल लिहायला घेतली. दोनच ओळी असतात, पहिलीत मशीनची ओळख, दुसरीत कीबोर्ड-की-डी५ बरोबर डब्ल्यूलॅन. या दोन ओळींना अडीच तास लागले.

चूक पहिली, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस लागतेच, ती मी दिली नव्हती. चूक दुसरी, आणि जास्त वेळ हिनेच खाल्ला: मशीनचं नाव मी डीएमआयच्या (फर्मवेअरने दिलेली मशीनची माहिती) प्रॉडक्ट-नेम फाइलमधून उचललं, त्यात तीन शब्द आहेत आणि मध्ये स्पेस. पण जुळवणी होते ती मोडअलियासशी, म्हणजे कर्नलने बनवलेल्या मशीनच्या ओळखीच्या ओळीशी, आणि कर्नल तिथे स्पेस काढून टाकतं. नाव हुबेहूब लिहूनही जुळत नाही, आणि एररही येत नाही, नुसतं गप्प. आता सरळ मोडअलियास फाइल उघडून तिथूनच कॉपी करतो आणि शंका असेल तिथे तारा (*) टाकतो. चूक तिसरी, फाइल सेव्ह केली की झालं असं नाही, आधी सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, मग यूडेव्ह-एडीएम ट्रिगर.

तपासायची सोपी युक्ती: यूडेव्ह-एडीएम इन्फो त्या इव्हेंट डिव्हाइसवर चालवा आणि कीबोर्ड-की हा शब्द शोधा. ओळ दिसली तर जुळलंय, नाही दिसली तर दुसरीकडे कुठेही शोधत बसू नका, पहिल्या ओळीतच घोळ आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ग्राफिकल सेशन बंद करून नुसत्या कन्सोलवर तपासलं, म्हणजे डेस्कटॉप मध्ये हात घालणार नाही आणि कर्नलचं स्वतःचं आरएफकिल काय करतंय तेवढंच दिसेल. पहिल्यांदा की दाबली, वायफाय गेलं. परत दाबली, आलं नाही. दहा वेळा दाबली, नाही.

ईव्हीटेस्टमधल्या व्हॅल्यू बघितल्या तेव्हा कळलं. पहिल्या दाबण्याला १, त्यानंतर प्रत्येक वेळी २. शून्य कधी आलाच नाही. १ म्हणजे दाबली, ० म्हणजे सोडली, २ म्हणजे धरून ठेवल्यामुळे रिपीट. माझा कीबोर्ड एफएन एफ८ सोडल्याचं सांगतच नाही, म्हणून कर्नलच्या हिशेबात ती की पहिल्यापासून दाबलेलीच आहे, आणि आरएफकिल फक्त १ ला दाद देतं, २ ला नाही. रविवारच्या डीमेसेजमध्ये "प्रेस्ड" होतं आणि "रिलीज्ड" कुठेच नव्हतं, तेव्हा लक्ष दिलं असतं तर आजची संध्याकाळ वाचली असती.

उपाय एका अक्षराचा आहे. एचडब्ल्यूडीबीच्या ओळीत डब्ल्यूलॅनच्या आधी उद्गारचिन्ह टाकायचं, म्हणजे सोडल्याच्या सिग्नलची वाट न बघता कर्नल स्वतःच शून्य पाठवतं. आता प्रत्येक दाबण्याला १ आणि लगेच ०. तेवढं ईव्हीटेस्टमध्ये बघितलं आणि झालं असं समजून झोपलो, वायफाय खरंच चालू बंद होतंय का ते दोन चार वेळा दाबून बघायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

झालं नव्हतं. वायफाय चार वेळा दाबल्यावर एकदा येतंय. सकाळपासून दुपारपर्यंत मी एचडब्ल्यूडीबी उलटसुलट करत होतो, काही फरक नाही. मग आरएफकिल इव्हेंट ही कमांड लावून ठेवली, ती प्रत्येक बदल वेळेसकट छापते, आणि एक दाब, मग दहा सेकंद थांबायचं, मग दुसरा, असं वही घेऊन बसलो. फाय० चं काय दिसलं ते जसंच्या तसं:

पहिला दाब: सॉफ्ट १, हार्ड ०. वायफाय बंद. ब्लूटूथची नोंद गायब.
दुसरा दाब: सॉफ्ट ०, हार्ड १. बंद. ब्लूटूथ परत.
तिसरा दाब: सॉफ्ट १, हार्ड १. बंद. ब्लूटूथ गायब.
चौथा दाब: सॉफ्ट ०, हार्ड ०. चालू. ब्लूटूथ परत.

सॉफ्टचा रकाना वेगळा वाचा, १, ०, १, ०. हे माझं मॅपिंग, प्रत्येक दाबाला उलटतंय, बरोबर चाललंय. आता हार्डचा, ०, १, १, ०, आणि ब्लूटूथ जा, ये, जा, ये. हे फर्मवेअर आहे. ते चार पायऱ्यांच्या चक्रात फिरतंय: आधी फक्त ब्लूटूथ बंद, मग फक्त वायफाय बंद, मग दोन्ही बंद, मग दोन्ही चालू. एकाच कीने दोन वेगळे खटके उलटतायत, एक दोनच्या तालात आणि एक चारच्या, आणि रेडिओ तर दोन्ही खटके मोकळे असतील तेव्हाच चालणार.

सात तारखेची सगळी कोडी इथे सुटली. "दाबली तर काहीच होत नाही" म्हणजे ती पहिली पायरी होती, ब्लूटूथ जात होतं आणि मी वायफायकडे बघत होतो. "परत येत नाही" म्हणजे मी दोनदा दाबून कंटाळत होतो, अजून दोनदा दाबली असती तर आलं असतं. की ओळखीची नसणं हा आजारच नव्हता. मी तिला नाव देऊन दुसरा खटका जोडला आणि होतं त्यापेक्षा बिघडवलं.

म्हणून मॅपिंग करणाऱ्यांना एवढं नक्की सांगेन, कीकोड शोधायच्याही आधी आरएफकिल इव्हेंट लावा आणि की निदान आठ वेळा दाबा. मॅपिंग नसतानाही हार्डचा रकाना हलत असेल तर तुमचं फर्मवेअर स्वतः रेडिओ बंद करतंय, आणि तिथे नुसतं की-डब्ल्यूलॅन देणं चुकीचं आहे. हार्ड कसा लागतो तर वायफायच्या कार्डाला डब्ल्यू-डिसेबल नावाची पिन असते, फर्मवेअर ती खाली ओढतं आणि कार्डाचा ड्रायव्हर तेच हार्ड म्हणून वर कळवतो. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांवर २० नंबरच्या पिनला टेप चिकटवायचा उपाय लोक करतात. तो चालतो, पण मला की चालवायची आहे, मारून टाकायची नाही, म्हणून तिकडे गेलो नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोन वाटा उरल्या. एक, फर्मवेअरला त्याचं काम करू द्यायचं आणि कीला नावच द्यायचं नाही. दुसरी, फर्मवेअरला सांगायचं की तू पिनला हात लावू नकोस, फक्त की दाबल्याचं कळव. ब्लूटूथवर हेडफोन चालू असताना फक्त वायफाय बंद करता यावं ही माझी गरज, म्हणून दुसरी.

असं सांगायची सोय बऱ्याच लॅपटॉपांत असते. आसूसच्या नोटबुक ड्रायव्हरमध्ये डब्ल्यूएपीएफ नावाचं पॅरामीटर आहे, ० दिलं तर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हीची की हार्डवेअर सांभाळतं, १ दिलं तर वायफाय सॉफ्टवेअरकडे येतं, ४ दिलं तर दोन्ही. तुमच्या मशीनसाठी ड्रायव्हर आधीच असेल तर पहिल्यांदा मॉडइन्फो मारून असं काही पॅरामीटर आहे का बघा, कदाचित तुमचं काम तिथेच संपेल. माझ्या मशीनसाठी तयार ड्रायव्हर नव्हता.

मग एसीपीआयडम्प, एसीपीआयएक्सट्रॅक्ट, आयएएसएल या क्रमाने डीएसडीटी, म्हणजे फर्मवेअरचं मुख्य एसीपीआय टेबल, उलगडलं. हजारो ओळी असतात, सगळं वाचू नका. मी डी० शोधलं, कारण एसीपीआय-लिसनमध्ये तोच आकडा दिसला होता, आणि पंधरा मिनिटांत एम्बेडेड कंट्रोलरच्या (कीबोर्ड, पंखा, बॅटरी सांभाळणारी चिप) एका क्यू मेथडवर, म्हणजे त्याच्या इव्हेंटला चालणाऱ्या कोडवर, पोचलो. तिच्यात आधी एक फ्लॅग तपासलाय. फ्लॅग ० असेल तर मोजणी एकने वाढव, ३ च्या पुढे गेली की परत ० वर आण, त्याप्रमाणे दोन पिना हलव, आणि नोटिफाय डी०, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कळव. फ्लॅग १ असेल तर पिनांना न शिवता नुसतं नोटिफाय डी०. चक्र चारचंच का ते कागदावर दिसलं. फ्लॅग कोण लावतं ते मागे मागे शोधलं तर एक डब्ल्यूएमआय मेथड सापडली, तिला दुसऱ्या नंबरची कमांड आणि चार बाइट द्यायचे.

मध्ये एक विचार आला होता की एम्बेडेड कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये तो बिट थेट लिहून टाकू. तसं करू नका. त्याच जागेत शेजारी पंख्याचे आणि बॅटरीचे बिट असतात, आणि मेथड दिलेली असताना मागच्या दाराने जायचं कारण नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ड्रायव्हरचा सांगाडा. डब्ल्यूएमआय ड्रायव्हर, प्रोबमध्ये (ड्रायव्हर लागताना चालणारं फंक्शन) इनपुट डिव्हाइस, स्पार्स कीमॅप, नोटिफायमध्ये आलेला कोड कीमॅपला द्यायचा. शंभरेक ओळी. स्पार्स कीमॅप खास अशाच कामासाठी आहे, एक टेबल लिहायचं, प्रत्येक ओळीत प्रकार, फर्मवेअरचा कोड आणि कीकोड. माझ्याकडे नोटिफाय नेहमी डी० च येतं आणि कुठली की ते बरोबरच्या डेटात, १ म्हणजे वायफाय, २ म्हणजे ब्लूटूथ, ५ आणि ६ ब्राइटनेस. ब्राइटनेसच्या दोघांना केई-इग्नोर लावलं कारण ते एसीपीआय व्हिडिओकडून आधीच येतात. टेबलच्या शेवटी केई-एंड विसरू नका.

आज लिहिण्यापेक्षा लोड करण्यात जास्त वेळ गेला. मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हर, बनलं, पण लोड करताना "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". इथली की म्हणजे सहीची की, कीबोर्डची नाही, आणि मी अर्धा तास कीमॅपमध्ये चूक शोधत होतो. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल आत जात नाही. स्वतःची की बनवून एमओकेयूटिलने ती नोंदवली, रीबूटच्या निळ्या स्क्रीनवर पासवर्ड देऊन मान्य केली, मग मॉड्यूलवर सही. एकूण दोन तास, पण एकदाच करायचं काम.

२१ फेब्रुवारी, शनिवार

इव्हेंट यायला लागले. फ्लॅग लावायची मेथड मात्र एई-बॅड-डेटा देत होती. कारण साधं होतं, इव्हेंटचा जीयूआयडी (ओळखीचा आकडा) वेगळा आणि मेथडचा वेगळा, आणि मी इव्हेंटवाल्या डिव्हाइसवरच मेथड चालवत होतो. मेथडचा जीयूआयडी वेगळा दिल्यावर फ्लॅग लागला, हार्डचा रकाना हलायचा थांबला. इथपर्यंत छान.

मग दाबली तर वायफाय गेलं आणि लगेच आलं. आरएफकिल इव्हेंटमध्ये सॉफ्ट १ आणि पाठोपाठ सॉफ्ट ०, मध्ये जेमतेम २०० मिलीसेकंद. जुनी एचडब्ल्यूडीबीची फाइल अजून होतीच, त्यामुळे त्याच दाबाचे दोन इव्हेंट, एक कीबोर्डकडून, एक माझ्या ड्रायव्हरकडून, आणि दोन वेळा उलटवलं की जिथल्या तिथे. २०० चा आकडाही योगायोगाने आलेला नाही, कर्नलचं आरएफकिल दोन कामांत तेवढं अंतर मुद्दाम ठेवतं. की पटापट दाबून टेस्ट करत असाल तर हे लक्षात ठेवा, दोन दाबांत एक सेकंद तरी जाऊ द्या.

फाइल काढून टाकली, अपडेट केलं, ट्रिगर केलं, तरी दुहेरीच. यूडेव्ह मॅपिंग लावतं, पण फाइल काढली म्हणून आधीचं मॅपिंग मागे घेत नाही, कर्नलच्या टेबलमध्ये ते रीबूटपर्यंत तसंच राहतं. रीबूट केल्यावर दुहेरी गेलं, पण प्रत्येक दाबाला डीमेसेजमध्ये अननोन की च्या ओळी सुरू झाल्या. शेवटी फाइल परत ठेवली, डी५ ला अननोन हे नाव देऊन, अननोन हाही एक खरा कीकोड आहे, २४०, तो दिला की तक्रार थांबते आणि कोणी त्यावर काही करतही नाही.

उलटं करता आलं असतं का, म्हणजे ड्रायव्हरने फक्त फ्लॅग लावायचा आणि की कीबोर्डच्या रस्त्यानेच घ्यायची? आलं असतं, ड्रायव्हर अर्धा झाला असता. पण ब्लूटूथची की त्या रस्त्याने येत नाही, आणि दोन की दोन ठिकाणी सांभाळणं मला पटलं नाही.

संध्याकाळी आजची सगळ्यात मोठी चूक. टेस्ट करताना मॉड्यूल काढलं, फ्लॅग हाताने ० केला, की दोनदा दाबली, म्हणजे हार्ड १ होता, आणि तसंच मॉड्यूल परत लोड केलं. फ्लॅग १ झाला, म्हणजे आता की पिनांना हात लावत नाही, आणि वायफायची पिन तर बंद अवस्थेत अडकलेली. की दाबतोय, सॉफ्ट उलटतोय, हार्ड १ च. मॉड्यूल काढलं तरी फ्लॅग तसाच, कारण काढताना तो परत ० करायचा हे मी लिहिलंच नव्हतं. नेट नाही, म्हणून शोधायलाही दुसरं मशीन. रीबूटने सुटलं.

आता प्रोबमध्ये क्रम असा: आधी दोन्ही पिना मोकळ्या करायच्या, त्यानंतरच फ्लॅग. रिमूव्हमध्ये फ्लॅग परत ०. हा क्रम उलटा करू नका.

२२ फेब्रुवारी, रविवार

लॅपटॉप झोपवून उठवला, की परत चारच्या चक्रात. झोपेतून उठताना फर्मवेअर फ्लॅग पुसतं. रिझ्यूममध्ये प्रोबमधलंच फंक्शन परत बोलावलं, दहा मिनिटांचं काम.

त्यानंतर दोन तास अशा बगमागे गेले जो माझ्या ड्रायव्हरमध्ये नव्हताच. वायफाय कीने बंद करून रीबूट केलं तर वर आल्यावर बंदच, मला वाटलं प्रोबमध्ये काहीतरी राहिलंय. पण हार्ड ० होता, सॉफ्ट १. सिस्टिमडी-आरएफकिल ही सर्व्हिस सॉफ्ट अवस्था डिस्कवर जपून ठेवते आणि बूटला परत लावते. तिचं कामच ते आहे. हार्ड आणि सॉफ्ट आधी वेगळे वाचायचे हा धडा चौदा तारखेला मिळालाच होता.

डेस्कटॉपवरही तपासलं. ग्नोम या की स्वतः घेतो आणि कर्नलला सांगतो की तू या कींकडे बघू नकोस, त्यामुळे दुहेरी होत नाही. कन्सोलवर कर्नल बघतं. दोन्हीकडे वेगवेगळं तपासा, एकीकडे चाललं म्हणजे दुसरीकडे चालेल असं नाही.

१ मार्च, रविवार

मधल्या आठवड्यात नुसतं वापरलं. आज कीवरचा नारिंगी दिवा. पहिल्यांदा त्याला आरएफकिल-नन हा तयार ट्रिगर लावला, पण तो सगळे रेडिओ बंद असतील तेव्हाच पेटतो, माझं ब्लूटूथ चालू असल्यामुळे दिवा कधी पेटेचना. विमानाच्या चित्राच्या कीला तो बरोबर आहे, माझ्या अँटेनाला नाही. सध्या दिवा सोडून दिलाय.

कर्नल अपडेट झालं की मॉड्यूल परत बांधावं लागतं म्हणून डीकेएमएसमध्ये टाकलं, सहीसुद्धा तिथेच आपोआप होते. एक अपडेट येऊन गेलं, काही करावं लागलं नाही.

आजची शेवटची टेस्ट: वीस वेळा झोपवणं उठवणं, प्रत्येक वेळी चार दाब. वायफाय ऐंशीच्या ऐंशी वेळा बरोबर, हार्डचा रकाना एकदाही हलला नाही. ब्लूटूथमध्ये एक राहिलंय, उठल्यावर तीन वेळा एचसीआय० ची नोंद जाऊन परत आली आणि तिचा नंबर बदलला, कारण प्रोबचं फंक्शन पिनांची अवस्था काहीही असली तरी दोन्ही परत लिहितं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून क्षणभर सुटतं. पिन आधीच मोकळी असेल तर लिहायचंच नाही अशी एक अट घातली आहे, तिची वीसची फेरी आता चालू आहे, अकरा झाल्या, अजून तरी नंबर तोच आहे.